मुलं कॉरिडॉरमध्ये बसतात, तेवढं पुरत नाही

काल जेवता जेवता लेकाने खुर्ची मागे सारली आणि भिंतीजवळ जाऊन बसून दाखवलं. गुडघे दुमडलेले, डोकं खाली, दोन्ही हातांची बोटं मानेमागे घट्ट गुंफलेली. "आई, असं बसायचं. मान झाकायची, हलायचं नाही." तो दुसरीत आहे. शाळेत टोर्नेडोचं ड्रिल झालं होतं. मी "शाब्बास" म्हटलं खरं, पण पुढचा घास उतरेना.

आम्ही अमेरिकेत, ओक्लाहोमा सिटीजवळ राहतो. दर शनिवारी दुपारी बारा वाजता इथे टोर्नेडोच्या इशाऱ्याचे भोंगे वाजवून बघतात, त्याची सवय झाली आहे. घर घेताना स्वयंपाकघराआधी गराज पाहिलं, कारण तिथे जमिनीत पुरलेलं लोखंडी शेल्टर होतं. सरकतं झाकण, खाली उतरायला चार पायऱ्या, आत दोन बाकडी. पण मे महिन्यातल्या एखाद्या सोमवारी दुपारी तीन वाजता माझं मूल त्या शेल्टरमध्ये नसणार, शाळेत असणार. आणि शाळेत शेल्टर नाही.

मुख्याध्यापिका चांगल्या आहेत. त्यांनी मला तो कॉरिडॉर स्वतः फिरून दाखवला. खिडक्या नाहीत, इमारतीचा मधला भाग, आहे त्यात सर्वांत बरी जागा. भिंतीवर मुलांनी रंगवलेली फुलपाखरं, आणि रंगाखाली सिमेंटच्या पोकळ ब्लॉकांचे सांधे स्पष्ट दिसत होते. "या ब्लॉकांत सळ्या आहेत का?" मी विचारलं. त्यांना माहीत नव्हतं.

हा प्रश्न मला कुठून सुचला ते सांगते. 20 मे 2013, सोमवार. इथून जवळच असलेल्या मूर गावात दुपारी तीनच्या सुमारास टोर्नेडो घुसला. ताशी 320 किलोमीटरच्या वर वारा. प्लाझा टॉवर्स या प्राथमिक शाळेतली सात मुलं गेली. शिक्षिका मुलांच्या अंगावर आडव्या पडल्या होत्या, स्वतःच्या पाठीवर भिंती झेलल्या त्यांनी. त्या बायकांनी करण्यासारखं काहीच बाकी ठेवलं नव्हतं. मुलंही सांगितलं तशीच बसली होती, माझा लेक काल बसला तशी.

छत आणि भिंत एकमेकांना धरून असतात. वाऱ्याने छत उचललं की भिंत एकटी उभी राहते, आणि पोकळ ब्लॉकांत सळई आणि काँक्रीट भरलेलं नसेल तर ती सरळ आत कोसळते, म्हणजे तिच्या पायथ्याशी मान झाकून बसलेल्या मुलांवर. 2007 मध्ये अलाबामातल्या एंटरप्राइझ हायस्कूलमध्येही आठ विद्यार्थी गेले. तिथेही मुलं कॉरिडॉरमध्येच होती.

शेल्टर कसं बांधायचं हे कोडं उरलेलं नाही. ताशी 400 किलोमीटर वारा सोसेल अशा खोलीचं प्रमाण ठरलेलं आहे. टेक्सासमधल्या लबक शहरात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सुमारे सात किलोचा लाकडी वासा हवेच्या तोफेतून ताशी 160 किलोमीटर वेगाने भिंतीवर मारून बघतात. आरपार गेला तर ती भिंत नापास. आणि ही खोली वर्षभर कुलूप लावून ठेवायची नसते. तीच जिम, तोच संगीताचा वर्ग, तीच मुलांची जेवायची खोली. अलाबामाने 2010 पासून नव्या शाळांना अशी जागा सक्तीची केली. मूरमधली ती शाळा 2014 मध्ये पुन्हा उभी राहिली, ती शेल्टरसकट.

मग बाकीच्या जुन्या शाळांचं काय? इथे शाळेच्या बांधकामाला पैसे हवेत तर शालेय जिल्ह्याने मतदान घेऊन कर्जरोखे काढायचे, आणि त्याला 60 टक्के मतं लागतात. कर्ज फिटतं घरपट्टीतून. म्हणजे ज्या गावात घरं महाग तिथल्या मुलांना भक्कम भिंत, आणि गरीब गावातल्या मुलांना फुलपाखरांचा कॉरिडॉर. हे मला अजिबात मान्य नाही. 2013 नंतर पालकांनी सह्यांची मोहीम काढली होती, राज्यानेच शाळांच्या शेल्टरसाठी 50 कोटी डॉलरचे रोखे काढावेत म्हणून. सह्या कमी पडल्या.

"शाळेच्या वेळात टोर्नेडो क्वचितच येतो, तेवढ्या पैशात शिक्षकांचे पगार वाढवा," असं इथले लोक म्हणतात. पगार वाढलेच पाहिजेत. 2018 मध्ये शिक्षक रस्त्यावर उतरले तेव्हा मीही त्यांच्या बाजूने होते. पण त्याच शिक्षकांना भिंत पाठीवर झेलायला का लावायची? 1999 चा मूरचा मोठा टोर्नेडो संध्याकाळी आला. 2011 मध्ये मिझुरीतल्या जॉप्लिनचं हायस्कूल उद्ध्वस्त झालं तो रविवार होता. नशिबाने दोनदा वाचवलं, त्याला आपण नियोजन म्हणायचं का?

मला राहून राहून ओडिशा आठवतं. तिथलं महाचक्रीवादळही 1999 चंच, सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर त्यांनी किनाऱ्यावर निवारे बांधले, त्यातल्या कितीतरी इमारतींत एरवी शाळा भरते. 2013 मध्ये फायलीन चक्रीवादळ आलं तेव्हा लाखो लोक आधीच हलवले होते आणि मृत्यू काही दहांच्या घरात राहिले. मी दापोलीची, निसर्ग वादळाच्या आधी आईला फोन करून "घर सोड" म्हणायला माझ्याकडे अख्खा दिवस होता. मूरला टोर्नेडो जमिनीला टेकण्याआधी 16 मिनिटं इशारा मिळाला. 16 मिनिटांत साडेचारशे मुलं दुसरीकडे नेता येत नाहीत. निवारा मुलं असतील तिथेच, त्याच छपराखाली हवा.

माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. घरपट्टी भरते, पण मत देता येत नाही. शाळांच्या बोर्डाच्या मीटिंगमध्ये मात्र बोलता येतं, प्रत्येकी तीन मिनिटं. आपल्या मराठी मंडळातले जे इथले नागरिक झाले आहेत आणि ज्यांची मुलं कॉलेजात गेली आहेत, त्यांना माझी खास विनंती आहे, कारण तुमच्या मताशिवाय ते 60 टक्के होणार नाहीत. येत्या मंगळवारी या. मीटिंग सात वाजता आहे, नाव मात्र आधी नोंदवावं लागतं. मी साडेसहापासून दाराशी थांबलेली असेन.