यादीत एक गाणे जास्त

डिसेंबर उजाडला की आमच्यासारख्या नोकरदाराला दोन याद्या कराव्या लागतात. एक करबचतीच्या गुंतवणुकीची, जी कार्यालयात द्यायची असते. आणि गाण्यांचा नाद असला तर दुसरी, वर्षभरातल्या आवडत्या दहा आल्बमची. पहिलीला पावत्या जोडता येतात, त्यामुळे ती एका बैठकीत उरकते. दुसरीला पावत्या नसतात, आणि २०१६ साली तर तिने माझा जो अंत पाहिला तो आयकर खात्यानेही कधी पाहिला नव्हता.

आमच्या डोंबिवलीच्या कंपूत ही प्रथा जुनी आहे. ३१ डिसेंबरच्या सायंकाळी एका ज्येष्ठ स्नेह्यांच्या घरी जमायचे, एकेकाने आपली यादी वाचायची आणि बाकीच्यांनी तिचे वाभाडे काढायचे. या स्नेह्यांना आम्ही सगळे साहेब म्हणतो. सत्तरच्या दशकात ते कॉलेजात असताना कोणीतरी त्यांना इंग्लिश रॉक गायक डेव्हिड बोवीची तबकडी ऐकवली आणि पुढे सारी नोकरी त्यांनी दिवसा सरकारी लेखापरीक्षण व रात्री बोवी अशी निभावली. निवृत्तीनंतर लेखापरीक्षणाची हौस भागवायला आमच्या याद्यांखेरीज त्यांना काही उरले नाही. त्यांची नियमावली अशी : आल्बम त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला असावा, तो पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, क्रम न मोडता व मध्ये न उठता निदान एकदा ऐकलेला असावा, आणि संख्या दहाच असावी, ‘याखेरीज पुढील आल्बमही उल्लेखनीय होते’ असली पुरवणी जोडता येणार नाही.

‘मध्ये न उठता’ हा नियम करणाऱ्याच्या घरी दूध कधी उतू जात नसावे. बोवीच्या ‘ब्लॅकस्टार’चे पहिलेच गाणे जवळजवळ दहा मिनिटांचे आहे. मध्यावर ते विरत जाते आणि निराळीच चाल सुरू होते. नेमक्या त्या जागी आमच्याकडे कुकरची तिसरी शिट्टी होते आणि ‘अहो, गॅस बंद करा’ असा पुकारा येतो. त्यामुळे त्या गाण्याचा पूर्वार्ध मला तोंडपाठ आहे आणि उत्तरार्धाशी माझी नुसती जुजबी ओळख आहे.

पूर्वी ही यादी करावी लागत नसे, ती आपोआप होत असे. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये जायचे, तिथल्या काचेच्या खोपटात उभे राहून दोनचार गाणी ऐकायची, खिशात हात घालून नोटांचा अंदाज घ्यायचा आणि एकच कॅसेट घेऊन लोकलने परत यायचे. जे विकत घेतले तेच आवडते ठरायचे, कारण पगारातून पैसे मोजल्यावर ते न आवडून सांगतो कोणाला? पहिल्या दिवशी रटाळ वाटलेला आल्बम महिनाअखेरीपर्यंत ‘मुरत जाणारा’ होत असे. ते दुकान २०१६च्या फेब्रुवारीअखेर बंद झाले, आणि सप्टेंबरात फुकट इंटरनेट देणारे सिमकार्ड घरात आले. आता जगातले सगळे आल्बम माझे होते, आणि त्यातला कुठलाही तिसऱ्या गाण्याच्या पुढे ऐकण्याची सक्ती माझ्यावर नव्हती.

त्यातही अमेरिकी गायिका बियॉन्सेचा ‘लेमोनेड’ सुखासुखी मिळेना. ज्या सेवेवर तो ऐकता येत होता ती माझ्याकडे नव्हती. अखेर न्यू जर्सीच्या भाचीने येताना सीडी आणली, तेव्हा लक्षात आले की घरात सीडी वाजवणारे एकही यंत्र शिल्लक नाही. माळ्यावरचा जुना डीव्हीडी प्लेअर काढून टीव्हीला जोडला, आणि आल्बमबरोबर येणारी तासाभराची चित्रफीतच आधी सुरू झाली. संसारातल्या विश्वासघाताचे ते प्रकरण सासूबाई हातातली गवार बाजूला ठेवून शेवटपर्यंत पाहत राहिल्या आणि शेवटी ‘कोण गं ही बिचारी?’ असे विचारून माझ्याकडे संशयाने पाहू लागल्या. तरीही हा आल्बम सलग ऐकला गेला, कारण मध्ये उठण्याची माझी छाती झाली नाही.

कॅनडाचे कवी-गायक लेनर्ड कोहेन यांचा आल्बम मात्र मी नियमाबरहुकूम ऐकला, आणि याचे श्रेय नोटाबंदीला द्यावे लागेल. आल्बम २१ ऑक्टोबरला आला, ८ नोव्हेंबरच्या रात्री हजार-पाचशेच्या नोटा रद्द झाल्या आणि ११ तारखेला एटीएम उघडली त्याच सकाळी ८२ वर्षांचे कोहेन गेल्याची बातमी आली. मी स्टेशनाजवळच्या रांगेत होतो. दिवसाला फक्त २,००० रुपये मिळणार होते आणि रांग औषधाच्या दुकानावरून वळून रिक्षातळापर्यंत गेली होती. कानात कोहेन होते. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांनी हा आल्बम घरच्या दिवाणखान्यात खास खुर्चीवर बसून गायिला, मुलाने तो सिद्ध केला; आणि तो आवाज इतका खाली उतरला आहे की पुढचे काका वळून ‘काही म्हणालात का?’ असे विचारत. जेमतेम ३६ मिनिटांचा ऐवज. तो संपे, मी चार पावले पुढे सरके, तो पुन्हा सुरू होई. उठण्याचा प्रश्नच नव्हता, कारण बसायलाच जागा नव्हती. यंत्रातले पैसे संपल्याची घोषणा झाली तेव्हा मी पुन्हा शेवटच्या गाण्यावर पोहोचलो होतो, आणि माणसे ज्या आवाजात हळहळली त्याला त्यातल्या व्हायोलिनांची साथ फारच शोभून दिसली.

कोहेनना यादीत वरचे स्थान दिले तेव्हा एका मित्राने ‘मेलेल्या म्हशीला मणभर दूध’ असा शेरा मारला. त्याला उत्तर देणे अवघड होते. बोवींचा आल्बम त्यांच्या ६९व्या वाढदिवशी, ८ जानेवारीला आला. तेव्हा न्यूयॉर्कच्या जॅझवाल्यांना घेऊन केलेला हा चमत्कारिक खटाटोप कशासाठी, असे आमच्यातल्या काहींनी विचारले होते. १० तारखेला बोवी वारले, आणि त्याच मंडळींना त्याच गाण्यांत ओळीओळीला निरोप ऐकू येऊ लागला. साहेब तेवढे दोन्ही वेळा सारखेच गप्प होते.

बाकीच्यांचा निकाल झटपट लागला. रेडिओहेड या इंग्लिश बँडच्या आल्बमातली गाणी इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेली आहेत असे कळताच साहेबांनी तो न ऐकताच मंजूर केला. उलट अमेरिकी रॅपर कान्ये वेस्टचे प्रकरण चिघळले. फेब्रुवारीत प्रसिद्ध केलेल्या आल्बमात त्याने मार्चमध्ये एका गाण्यातले गाळलेले गायक परत आणले आणि जूनमध्ये शेवटी आणखी एक गाणे जोडले. बंद झालेल्या वहीत मागाहून नोंदी करणाऱ्याला साहेबांनी उभ्या आयुष्यात माफ केले नव्हते. त्यांनी नाव खोडले आणि समासात सही केली.

अशा रीतीने नऊ जागा भरल्या, दहावी ‘ब्लॅकस्टार’साठी राखलेली होती, आणि खरा पेच उरला तो ‘सैराट’चा. चित्रपटसंगीताला आल्बम म्हणावे काय, यावर पहिला चहा संपला. अजय-अतुल यांनी हॉलिवूडमधल्या स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंद बसवून हे संगीत ध्वनिमुद्रित केले आहे, हा मुद्दा मी मांडला. साहेब म्हणाले, ‘अहो, खर्च मोठा झाला म्हणून खर्डा आल्बम होत नाही. गाणी किती?’ गाणी चार. आणि ती मी मध्ये न उठता ऐकली होती हे सिद्ध करायची गरज नव्हती, कारण गणपतीत आमच्या खिडकीखाली मंडळाचे कर्णे होते आणि त्या काळात उठून जाण्यासारखी जागा डोंबिवलीत नव्हती.

साहेबांनी चष्मा पुसून तोडगा काढला. आठ किंवा अधिक गाणी असल्यास पूर्ण जागा, कमी असल्यास दहाच्या हिशेबाने. म्हणजे ‘सैराट’ला ०.४ जागा. मी लगेच निदर्शनास आणले की या न्यायाने सात गाण्यांच्या ‘ब्लॅकस्टार’लाही ०.७च मिळेल. साहेबांचा चेहरा क्षणभर उतरला, परंतु नियम तो नियम; त्यांनी आपल्या दैवताचे आसन स्वतःच्या हाताने तीन दशांशांनी कातरले. आता दहाव्या जागेवर दोघांना बसवायचे तर बेरीज होत होती १.१. एक गाणे जास्त.

कोणते वगळायचे? बोवीच्या गाण्यांना हात लावण्याचे धाडस त्या घरात कोणी करणार नव्हते. ‘याड लागलं’ला सर्वांचाच विरोध झाला. साहेबांनी घसा खाकरून ‘झिंगाट’ वगळावे असा प्रस्ताव ठेवला. हे गाणे ऐकण्याचे नसून अंग घुसळण्याचे आहे आणि जबाबदार श्रोत्याने त्याची दखल घेऊ नये, असे कारणही जोडले.

तेवढ्यात वहिनी चहाचा दुसरा ट्रे घेऊन बाहेर आल्या. ‘विसर्जनाच्या मिरवणुकीत तुम्ही त्याच गाण्यावर नाचलात,’ त्या म्हणाल्या, ‘ते समोरच्या मजल्यावरच्यांनी मोबाइलवर घेतलंय. दाखवू का भावोजींना?’

साहेबांनी माझा कागद पुढे ओढला, बेरजेवर रेघ मारली आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिले : ‘अपवादात्मक बाब म्हणून मंजूर. हा दाखला पुढे आधार म्हणून वापरता येणार नाही.’