नसल्याचे दाखले

वसतिगृह न मिळालेल्या विद्यार्थ्यांना जेवणा-राहण्याचा खर्च देणाऱ्या भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेसाठी आपल्याजवळ काय आहे यापेक्षा काय नाही याला अधिक महत्त्व असते, हे पुण्यात शिकायला आल्यावर मला उमगले. अनुसूचित जातीचा वा नवबौद्ध असणे आणि परीक्षेत ठरावीक गुण असणे सोडले, तर पुढे सारी नकारघंटाच: कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांहून अधिक नसावे, ज्या शहरात महाविद्यालय आहे तिथला विद्यार्थी रहिवासी नसावा आणि शासकीय वसतिगृहात त्याला जागा मिळालेली नसावी. या तिन्ही बाबतींत मी जन्मजात पात्र होतो. प्रश्न फक्त कागदांचा होता.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आबांना घेऊन तलाठ्यांकडे गेलो. चारचौघांत कमाई विचारली की आबा ती नेहमी थोडी चढवूनच सांगतात, सोयरिकीच्या बैठकीत सांगावी तशी. त्यांनी घसा खाकरताच मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला, तेव्हा कुठे खरा आकडा बाहेर आला आणि तो सांगताना त्यांचा चेहरा पाहवेना.

वसतिगृह मिळाले नाही हे सिद्ध करायचे, तर आधी त्यासाठी अर्ज करावा लागतो. मीही तो मनोभावे केला. यादीत नाव दिसले नाही तेव्हा हळहळावे की पेढे वाटावेत, हे मात्र ठरेना.

घरमालकीण मावशी भाडेकरार करायला तयार नव्हत्या, कारण कागद झाला की भाडेकरू बोकांडी बसतो, असे त्यांचे मत होते. त्यांना राजी करून कार्यालयात पोहोचलो, तर लिपिकसाहेबांनी विचारले, "राहता कुठे?" पुणे म्हणावे तर स्थानिक ठरण्याची भीती आणि गाव म्हणावे तर इथले भाडे कशाचे! शेवटी, "राहतो इथे, पण आहे तिथला," असे मी म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि शिक्का मारला.

पुण्यासाठी भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,००० असे वर्षाला ६०,००० रुपये मंजूर होतात. त्यासाठी वर्गात ७५ टक्के हजेरी लागते. माझी हजेरी चोख आहे. रक्कम अजून यायची आहे. दरम्यान खाणावळीच्या काकांनी वहीत माझ्या उधारीपुढे कंसात 'स्वाधार' असे लिहून ठेवले असून, सणाला न आलेल्या जावयाची करावी तशी ते रोज ताट वाढताना त्याची चौकशी करतात.