मंडळीचा कॅमेरामन

आमच्या नगरच्या ख्रिस्ती मंडळीत ज्याला फोनमधलं जरा जास्त कळतं तो आपोआप कॅमेरामन होतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये उपासना फोनवर गेली तेव्हा हे काम माझ्या गळ्यात पडलं, आणि आता काढून घ्यायला कोणी तयार नाही.

चर्च जुनं, दगडी, छत उंच. दिसायला झकास, पण पाळकसाहेब "प्रियजनहो" म्हणाले की ते भिंतीवर आपटून परत येतं, तोवर साहेब पुढच्या वचनावर पोचलेले. त्यात लांब दांड्यांचे पंखे. फोन मागच्या बाकावर ठेवला तर रेकॉर्डिंगमध्ये पंखा प्रमुख वक्ता आणि पाळकसाहेब पाहुणे! म्हणून कमिटीला म्हटलं, कॅमेरा राहू द्या, एक साधा कॉलर माईक घ्या, चित्र धूसर असलं तरी लोक बघतात पण ऐकू आलं नाही की लगेच बंद करतात. कमिटीने प्रार्थनापूर्वक विचार केला आणि रिंगलाईट आणला.

तो उमटला साहेबांच्या चष्म्यात, डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या चकल्या. मागे मोठी खिडकी, म्हणजे फोन चेहरा काळा करणारच, त्यावरचा उपाय फुकटचा आहे, स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरायचं, एक्स्पोजर म्हणजे उजेडाचं माप लॉक होतं. ट्यूबलाईट व्हिडिओत लपलपते कारण आपली वीज ५० हर्ट्झची, शटरचा वेग १/५० सेकंद ठेवला की थांबते, हे मीटिंगमध्ये नीट समजावलं तर खजिनदार म्हणाले, मग ट्यूबच बदलू ना.

भजनाचं वेगळंच. भजनं लिहिणारे ना. वा. टिळक १९१९ साली गेले, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे शब्दांची भीती नाही. भीती टाळवाल्या भाऊंची. ते बरोब्बर फोनशेजारी उभे राहतात कारण मुंबईची सून बघणार असते, आणि तिथे टाळ वाजला की पेटी, तबला, गायनसंघ सगळे गायब. भाऊ, जरा मागे सरका म्हणायची माझी काय टाप!

व्हिडिओ ग्रुपवर टाकला की दोन सेकंदांत "आशीर्वादित झालो". व्हिडिओ पाऊण तासाचा. त्याखाली "आमची आत्या का नाही दाखवली".

शेवटी नाताळच्या डेकोरेशनच्या खर्चात माईक घुसवला. आवाज एकदम स्वच्छ. इतका की अर्पणाच्या गीतात साहेबांनी खजिनदारांना हळूच विचारलेलं "आज चहाबरोबर वडे आहेत की नुसती बिस्किटं?" थेट दुबईपर्यंत ऐकू गेलं. पुढच्या रविवारी तिकडून वड्यांचे पैसे आले.