24 तास थांबायचं कुणी सांगितलं?

"पोलिसांना शिव्या देण्याआधी हे वाचा" असा मेसेज फिरतोय. दोनदा आला, सोडून दिला. तिसऱ्यांदा अंबाजोगाईच्या मामीनं पाठवला तेव्हा राहवलं नाही, कारण मामीनं तो पाळलाही होता. नातू क्लास सुटून दीड तास झाला तरी घरी नाही, फोन बंद. मामा चपला घालून ठाण्याकडं निघाले, तर ही म्हणाली, "आत्ता जाऊन काय उपेग? 24 तास झाल्याबिगर तक्रार घेतच नाहीत." लेकरू पंक्चर सायकल ढकलत आलं. नसतं आलं तर?

मेसेजचा पहिला मुद्दा हाच: 24 तासांआधी अपहरणाची तक्रार घेता येत नाही, कायदाच तसा आहे. कोणता कायदा, कितवं कलम? मेसेजात नाही, कारण कायद्यातच नाही. उलट 18 वर्षांखालचं मूल बेपत्ता झालं तर अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयानं मे 2013 मध्येच सांगितलंय. मोठं माणूस आपणहून निघून गेलं तर आधी 'मिसिंग' नोंदवतात, हे कबूल. पण त्या नोंदीलाही 24 तासांची अट नाही. आणि बीड जिल्ह्यात बसून हे पाठवायचं? मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना 9 डिसेंबर 2024 ला दुपारी उचललं, संध्याकाळी मृतदेहच सापडला. मेसेजच्या हिशोबानं घरच्यांनी 10 तारखेच्या दुपारी ठाण्यात जायचं होतं!

दुसरा मुद्दा, गुन्हा नोंदवण्याआधी चौकशी करावीच लागते म्हणे. ललिता कुमारी खटला वाचा. उत्तर प्रदेशातली अल्पवयीन मुलगी पळवली गेली, 2008 मध्ये बापानं ठाण्यात लेखी तक्रार दिली, कुणी हललं नाही. पोलीस अधीक्षकांकडं गेल्यावर गुन्हा नोंदवला, तरी मुलीचा शोध नाहीच. त्यावर पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं 12 नोव्हेंबर 2013 ला निकाल दिला: दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा, दिसत असेल तर एफआयआर नोंदवावाच लागेल, टाळणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई. त्या निकालात आधी चौकशीची मुभा नवरा-बायकोची भांडणं, पैशाचे व्यवहार, डॉक्टरांचा हलगर्जीपणा अशा प्रकरणांना. डोळ्यांदेखत गाडीत कोंबलेलं माणूस त्यात कुठं बसतं?

तिसरा, 'आमची हद्द नाही' म्हणून पोलीस परत पाठवू शकतात म्हणे. 1 जुलै 2024 पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 बघा, कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते. पुढं.

चौथा मात्र अर्धा खरा आहे, नाइलाजानं मान्य करतो. गर्दीनं, मोर्चांनी तपास बिघडतो म्हणे. खंडणीसाठी पोरगं उचललंय आणि पोलीस कुठल्या गाडीच्या मागावर आहेत ते आपण ग्रुपवर टाकत बसलो, तर उचलणाराही तेच वाचतो. पण मोर्चाला यात कशाला ओढता? देशमुखांसाठी बीडला 28 डिसेंबरला लोक उतरले, तेव्हा खुनाला 19 दिवस झाले होते आणि काही आरोपी अजून फरार होते. याच प्रकरणात केजच्या फौजदाराला निलंबित केलं ते खात्यानंच. तेही मोर्चेकऱ्यांमुळं बिघडलं होतं का?

ठाण्यात नाहीच घेतली तक्रार, तर तीच लेखी अधीक्षकांना पोस्टानं पाठवायची. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज. हेही कलम 173 मध्येच आहे.

मामीला फोनवर हे सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "अरे, मी तर भजनी मंडळात पण टाकला की रे तो."