मानसशास्त्र ऑनलाइन शिकताना घ्यावयाची काळजी

मानसशास्त्राच्या प्राथमिक ऑनलाइन कोर्सला नाव नोंदवायची सर्वांत चांगली वेळ म्हणजे रात्री साडेअकरा, घरात कुणाशी तरी कडाक्याचं वाजल्यानंतर. या शास्त्राची गरज त्या वेळी जेवढी जाणवते तेवढी पुन्हा कधी जाणवत नाही. आत्याला काहीतरी झालेलं आहे याची तुम्हाला खात्रीच असते, फक्त त्या काहीतरीला एक भारदस्त इंग्रजी नाव हवं असतं. त्यासाठी पुण्याला खोली घेऊन राहायला नको. केंद्र सरकारच्या 'स्वयम' पोर्टलवर कोर्स फुकट आहेत, नव्या शैक्षणिक धोरणाच्या कृपेनं बीकॉमवाल्याला आणि इंजिनिअरिंगवाल्यालाही त्यांचे क्रेडिट घेता येतात, आणि व्हिडिओ बघायला एक रुपया लागत नाही. परीक्षेला मात्र लागतो. म्हणजे शिकणं मोफत, शिकलो हे दाखवणं सशुल्क. हा हिशेब ज्यानं बसवला त्याला मानसशास्त्र कळलेलं आहे.

एक पथ्य पहिल्याच दिवसापासून पाळा. या कोर्समध्ये जे जे सांगितलं जाईल ते दुसऱ्याविषयी आहे असं धरून चाला. सासू, साहेब, वहिनी, मेहुणा, घरमालक, सगळ्यांना ते लागू आहे. एवढं पाळलंत की पुढचं सोपं आहे.

नाव नोंदवल्याबरोबर व्हॉट्सॲपच्या 'अबाउट'मध्ये 'स्टुडंट ऑफ ह्यूमन माइंड' लिहून टाका. व्हिडिओ नंतर बघता येतील.

पहिला आठवडा इतिहासाचा असतो. १८७९ साली जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांनी प्रयोगशाळा काढली. आपल्याकडे १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्तांनी विभाग उभा केला. दोन्ही सालं वहीत उतरवून घ्या आणि वही ठेवलेली जागा विसरून जा. पुढं मेंदू येतो. माणूस मेंदूचा दहाच टक्के वापर करतो ही निव्वळ थाप आहे असं प्राध्यापक तिथं स्पष्ट सांगतात. ते मनावर घेऊ नका. कट्ट्यावर बोलायला तुमच्याकडं तेवढं एकच वाक्य होतं.

व्हिडिओ साध्या वेगानं बघणं हे वेळेची किंमत नसलेल्या माणसाचं लक्षण आहे. दुप्पट वेग लावा. बसायला गच्चीखालची खोली घ्या, दुपारचे दोन, मे महिना, पारा ४४च्या पुढं आणि डोक्यावरचा पंखा वरची गरम हवा इमानेइतबारे खाली पोहोचवतोय. सोलापूरच्या पूर्व भागात राहत असाल तर शेजारच्या यंत्रमागाचा खडखडाट सोबतीला असेलच. त्याच्यावर चिडू नका. तिथं वाढलेल्या माणसाला माग ऐकूच येत नाही. वीज गेली आणि माग थांबला की तो दचकून उठतो. सतत येणाऱ्या उद्दीपकाला, इथं आवाजाला, माणूस सरावतो, असा भाग कोर्समध्ये आहे. दुसऱ्या आठवड्यानंतर प्राध्यापकांचा आवाजही तसाच ऐकू येईनासा होतो.

अवधानाच्या प्रकरणात तुम्हाला गोरिलाचा प्रयोग सांगतील. सायमन्स आणि शाब्री या दोघांनी १९९९ साली तो प्रसिद्ध केला: चेंडूचे पास मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी जवळजवळ निम्म्यांना, मधूनच चालत गेलेला गोरिलाच्या वेशातला माणूस दिसलाच नाही. तुम्ही हे लेक्चर ऐकताना दुसऱ्या खिडकीत क्रिकेटचा स्कोअर उघडा ठेवा. तुम्हाला गोरिलाही दिसणार नाही आणि लेक्चरही.

मग येतात पावलोव्ह. इथं जरा थांबू या, कारण हा गृहस्थ रशियात जन्मला ही केवळ चूक आहे. त्याचं काम सोलापूरलाच व्हायला हवं होतं. मूळचे ते पचनाचे अभ्यासक. १९०४चं नोबेलही त्यांना पचनावरच्या कामासाठीच मिळालं. त्या कामात त्यांच्या लक्षात आलं की अन्न तोंडात पडायच्या आधीच, ते आणणाऱ्या माणसाची चाहूल लागल्याबरोबर कुत्र्यांना लाळ सुटते. मग त्यांनी मेट्रोनोमच्या, म्हणजे ताल धरणाऱ्या यंत्राच्या, ठोक्यांनंतर अन्न द्यायला सुरुवात केली, आणि काही दिवसांनी नुसत्या ठोक्यांनी लाळ सुटू लागली. पुस्तकं याला अभिजात अभिसंधान म्हणतात. कुत्र्यांना खुशाल हसा. फक्त पहाटे साडेतीनला शेजारच्या घरातली पाण्याची मोटर घूंऽऽ करून सुरू झाली की आपल्या गल्लीत काय होतं ते त्या वेळी आठवू नका. अण्णा, अक्का, कॉलेजातला पोरगा, सगळे झोपेतच उठतात. डोळे मिटलेले, हातात पाइप, पाय पिंपाच्या दिशेनं. आपल्या नळाला अजून थेंब आलेला नसतो. आलेला असतो तो फक्त आवाज. एप्रिलपासून तर समोरच्या माडीवरचा कूलर चालू झाला तरी चार घरांतले दिवे लागतात. सारख्याच वाटणाऱ्या दुसऱ्या आवाजालाही तीच प्रतिक्रिया मिळते, यालाही शास्त्रात नाव आहे: उद्दीपक सामान्यीकरण. परीक्षेत याचं उदाहरण विचारलं तर कुत्र्याचंच द्या. कूलर लिहिलात तर तपासणाऱ्याला वाटेल की तुम्ही विचार केलाय.

त्यांच्या पाठोपाठ स्किनर आणि कळ टोचली की दाणा मिळणारं त्यांचं कबुतर. दाणा किती टोचण्यांनंतर पडेल हे ठरलेलं नसलं की कबुतर टोचतच राहतं, थांबत नाही. पाणी चौथ्या दिवशी येणार की पाचव्या, हे माहीत नसलेला माणूस येता-जाता तोटी पिळून बघत असतो, त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. तुम्ही मात्र हे कबुतर पिंजऱ्यातच ठेवा. दहा टुकार रील्स झाल्या तरी अकरावी बरी निघेल म्हणून अंगठा आपोआप वर सरकतो, त्याचा या कबुतराशी काही संबंध आहे का, असा प्रश्न मनात आला तर लेक्चर तिथंच थांबवा. एखादी रील बघा. प्रश्न जातो.

स्मृतीचं प्रकरण सहाव्या-सातव्या आठवड्यात येतं, म्हणजे तुम्ही व्हिडिओ बघणं सोडल्यानंतर. ही रचना फार मनकवडी आहे. हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून, स्वतःच विसरून, विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ साली छापला: सुरुवातीला भराभर विसरतो, नंतर हळूहळू. स्वतःवर प्रयोग करणारा हा माणूस आपल्या पथ्यात बसत नाही, म्हणून सोडून द्या. रोडिगर आणि कार्पिक यांचं २००६चं काम त्याहून त्रासदायक आहे. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवडाभरानंतर जास्त लक्षात राहिलं, आणि गंमत म्हणजे आपल्याला चांगलं येतंय असं वाटत होतं ते पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना. तेव्हा पीडीएफला पिवळा हायलायटर फिरवत राहा. पान पिवळं झालं की समाधान वाटतं. शेवटी मानसशास्त्रात वाटण्यालाच महत्त्व.

असाइनमेंटची चिंता करू नका. बऱ्याच कोर्सांत शंभरपैकी पंचवीस गुण त्यांचे असतात आणि ते गुण मिळवणं हे सामूहिक कार्य आहे. रविवारी रात्री ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, "तिसऱ्याचं काय लिवलास बे?" उत्तर येतं, "सी हाय." मागोमाग सहा जणांचे अंगठे. तुम्ही चुकून तो व्हिडिओ बघितलेला आहे आणि 'बी' हा पर्याय बरोबर आहे हे तुम्हाला माहीत आहे. आता परीक्षा तुमची आहे. सॉलोमन ॲश यांनी १९५०च्या सुमारास हेच केलं होतं: तीन रेघांमधली बरोबरीची रेघ ओळखायची, शेंबडं पोरही चुकणार नाही इतकं सोपं; पण खोलीतले बाकीचे सगळे, आधीच पढवून ठेवलेले, ठामपणे चुकीची रेघ सांगायचे. असल्या फेऱ्यांमध्ये साधारण एक तृतीयांश वेळा माणसं गर्दीमागं गेली. पण त्या प्रयोगात आणखी एक गोष्ट निघाली. गर्दीतल्या एकानं जरी खरं उत्तर दिलं तर इतरांच्या दबावाचा जोर पार उतरायचा. म्हणून तर ग्रुपवर "मला उत्तर बी वाटतंय" असं लिहिणं अत्यंत धोक्याचं आहे. लिहिलंत तर आणखी दोघं जागे होतील. सी ठोका आणि झोपा. त्या प्रश्नाचं प्रकरण बहुधा ॲश यांचंच असेल.

आता प्रात्यक्षिक. बालविकासाच्या भागात मार्शमॅलोचा प्रयोग भेटेल; तो त्याच संध्याकाळी भाच्यावर करा. पेढा पुढं ठेवा आणि सांगा, मामा परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. तो तुम्ही उंबरा ओलांडायच्या आत खाऊन मोकळा होईल. ताईला लगेच कळवा की मुलाला संयम नाही, याचं भवितव्य अवघड आहे. थांबणारी मुलं पुढं जास्त यशस्वी होतात असं सुचवणाऱ्या वॉल्टर मिशेल यांच्या मूळ प्रयोगानंतर २०१८ साली बऱ्याच जास्त मुलांवर तोच अभ्यास झाला आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर भवितव्याशी असलेलं नातं फारच क्षीण निघालं, हे ताईला सांगायचं कारण नाही. २०१३च्या अभ्यासाबद्दल तर तोंडच उघडू नका. त्यात दिलेला शब्द आधी मोडलेल्या माणसासाठी मुलं फार वेळ थांबली नव्हती. गेल्या दिवाळीला मामानं कबूल केलेली सायकल भाच्याच्या अजून लक्षात आहे.

व्यक्तिमत्त्वाचा धडा हा या कोर्सचा गाभा आहे, कारण यातून उत्पन्न आहे. १९४८ साली बर्ट्राम फोरर या प्राध्यापकानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं 'खास' व्यक्तिचित्र दिलं. किती जुळतंय, पाचपैकी गुण द्या म्हटल्यावर सरासरी ४.२६ आली. चित्र सगळ्यांना एकच होतं, आणि मजकूर बराचसा राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला. यातून बोध एवढाच घ्यायचा की वाक्यं पाठ करावीत. "लोकांनी आपल्याला मानावं असं तुम्हाला वाटतं, पण स्वतःवर तुम्ही जरा जास्तच टीका करता." "वरून तुम्ही शांत दिसता, आत मात्र कधीकधी काळजी असते." जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत फिरताना ओळखीचं कुणी भेटलं की वापरा. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं वापरा. पार्क चौपाटीवर भेळेची वाट बघत उभ्या असलेल्या मित्रावर वापरा. तो गप्प होईल, मग म्हणेल, "तुला कसं कळलं बे?" तुम्ही काही बोलू नका, नुसतं किंचित हसा. स्वतःसाठी मात्र एखादी सोळा प्रकारांची ऑनलाइन चाचणी सोडवा आणि तुमचा प्रकार कसा दुर्मीळ निघाला ते स्टेटसला टाका. तिथं फोररचं नाव काढायचं नाही.

विकारांचं प्रकरण एकाच आठवड्यात उरकतात, आणि एवढं पुरतं. काकू तांब्या दोनदा घासते: ओसीडी, म्हणजे मंत्रचळ. साहेब सकाळी हसले आणि दुपारी ओरडले: बायपोलार. आत्याचं तर रात्री साडेअकरालाच ठरलेलं होतं. निदानाच्या नियमांत असल्या घाईला जागा नाही. नैराश्यासाठी लक्षणं किमान दोन आठवडे टिकलेली असावी लागतात. ओसीडीत विचार आणि कृती दिवसाचा तासाहून अधिक वेळ खाणाऱ्या किंवा माणसाचा जीव मेटाकुटीला आणणाऱ्या, रोजचं जगणं अडवणाऱ्या असाव्या लागतात. आणि हे ठरवणाऱ्यानं वर्षानुवर्षं शिकलेलं असावं, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर त्याच्याकडं भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असावी. युजीसीनं तर २०२५ साली मानसशास्त्राच्या पदव्या दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं द्यायलाच मनाई केली. तुम्हाला काय त्याचं? तुमची पदवी नाही, प्रमाणपत्र आहे. पदवीवर बंधनं येतात, प्रमाणपत्र फ्रेम करता येतं.

परीक्षेला मात्र बहुतेक वेळा केंद्रावर जावं लागतं आणि तिथं ग्रुप नेता येत नाही. आदल्या रात्री जागा. झोपेत स्मृती पक्की होते हे त्याच अभ्यासक्रमात आहे, पण ते प्रकरण नेमकं त्याच रात्री वाचायचं राहिलेलं असतं. काठावर निघाल तरी हरकत नाही. पास झाल्यावर 'या कोर्सनं माझा जगण्याकडं बघण्याचा दृष्टिकोन बदलला' अशी लांब पोस्ट लिहा. कंटाळवाणं काम मजेचं होतं असं दुसऱ्याला सांगायचे वीस डॉलर मिळालेल्यांपेक्षा एकच डॉलर मिळालेल्यांनी ते काम स्वतःलाही जास्त गोड वाटल्याचं नंतर सांगितलं, असं फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांना १९५९ साली दिसलं होतं. तुम्हाला तर एकही डॉलर मिळालेला नाही. पोस्ट किती गोड हवी याचा अंदाज घ्या.

मग फ्लेक्स. फोटो हाताची घडी घालून, मागं मेंदूचं निळं चित्र, नावापुढं 'माइंड कोच'. चौक वर्दळीचा निवडा. लोक येऊ लागतील, बहुतेक परीक्षेत कमी मार्क पडलेली पोरं आणि त्यांचे आईबाप, त्यांना फोररची वाक्यं पुरतील. पण एखाद्या संध्याकाळी एक जण येईल, खुर्चीच्या कडेवर बसेल, आणि सांगेल की महिनाभर झोप नाही, घास उतरत नाही, जगून काय करायचं कळत नाही. त्याला "जास्त विचार करू नको, पॉझिटिव्ह राहा" म्हणा आणि पुढच्या गुरुवारची वेळ द्या. टेलिमानस नावाची सरकारी सेवा चोवीस तास फोनवर असते, पैसे घेत नाही, मराठीत बोलते, पूर्व भागातल्या माणसाशी तेलुगूत आणि अक्कलकोटकडच्याशी कन्नडमध्येही बोलते, हे त्याला कळलं तर तुमचा गुरुवार रिकामा जाईल. १४४१६ हा तो नंबर. फ्लेक्सवर तो चुकूनही छापला जाऊ नये म्हणून प्रिंटिंगवाल्याला बजावून ठेवा.