दर लिहिलायस कुठे?

गेल्या हंगामात ओळखीतल्या एका बागायतदारासाठी मी संकेतस्थळ तयार केले. हापूसच्या पेट्यांची मागणी ग्राहकांना थेट नोंदवता यावी, एवढाच त्यामागचा हेतू होता. पावसला राहणाऱ्या माझ्या मामांना ते मोठ्या हौसेने दाखवायला गेलो. काचबिंदूने मामांची दृष्टी गेली त्याला बरीच वर्षे झाली. मोबाइलमधल्या टॉकबॅक या, पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरचा आवाज ऐकत, बोट सरकवत ते आपले सगळे व्यवहार स्वतः करतात. ओटीवर बसून त्यांनी माझे संकेतस्थळ उघडले आणि फोन नुसता "बटण, बटण, बटण" म्हणत राहिला. "अरे, दर लिहिलायस कुठे?" त्यांनी विचारले. दर मी एका देखण्या चित्रात घातला होता आणि त्या चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारे शब्द, द्यायचे मला सुचलेही नव्हते.

मराठीत तर चुकांना आणखी वाव आहे. पानाची भाषा मी इंग्रजीच नोंदवलेली ठेवली होती, त्यामुळे वाचणारा आवाजही इंग्रजी निवडला जाण्याची शक्यता होती. युनिकोड ही अक्षरांची सामाईक संकेतप्रणाली येण्यापूर्वीच्या फॉन्टात टंकलेला मजकूर पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असल्याने स्क्रीन रीडर तीच बडबडतो. आणि स्कॅन करून चढवलेली सूचना म्हणजे त्याच्या लेखी कोरा कागद.

याबाबत कायदा नाही असे नाही; दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 सालचा आहे. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. त्या प्रकरणातील याचिकाकर्त्यांमध्ये अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती होत्या. ज्यांचे डोळे त्या हल्ल्यात भाजले, त्यांना केवायसीसाठी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी, कॅमेऱ्यासमोर पापणी लववायला सांगणारी प्रणाली कोणीतरी बसून, विचार करून बनवली होती, हे मला अजून पचत नाही.

एवढे झाल्यावर अनेक ठिकाणी उपाय म्हणून काय दिसते, तर कोपऱ्यात "अ+" आणि "अ-" ही बटणे! अक्षर मोठे करण्याची सोय फोनमध्ये असतेच. बिननावाच्या बटणाला त्याने नाव मिळत नाही. खरे काम बिनदिखाऊ आहे. मला त्याला दोन संध्याकाळी लागल्या: प्रत्येक रकान्याला लेबल, दर मजकुरात, आणि पांढऱ्यावरची फिकट राखाडी अक्षरे गडद. साध्या मजकुरासाठी अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान 4.5 : 1 इतकी तफावत असावी, असे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. आता भर दुपारी जेटीवर उभ्या असलेल्या डोळस माणसालाही ते पान वाचता येते.

बागेकडे जाणाऱ्या वाटेचा नकाशा मात्र अजून चित्रातच आहे. त्याचे वर्णन मामांकडून लिहून घेणार आहे, कारण चिऱ्याच्या गडग्यापासून कुठे वळायचे आणि घाटी किती पायऱ्यांची आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा नेमके ठाऊक आहे.