‘जुनी मात्राच बरी’ म्हणणाऱ्यांना उत्तर

भात, गहू, मका पिकवणाऱ्यांमध्ये एक मजकूर सारखा फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खताची मात्रा सांगणारी ॲप, पानाच्या रंगाचे तक्ते, सेन्सर ही सगळी खर्चिक खेळणी आहेत, ती खत तोडून उत्पादन घटवतात, माती परीक्षण केलं की पुरे, बाकीचं अनुभवी नजर बघून घेते. लिहिणाऱ्याला शेतकऱ्याची कळकळ असेलही. पण हा सल्ला मानला तर नुकसान शेतकऱ्याचंच आहे.

‘खत कमी केलं की उत्पादन घटणारच.’ हा मुद्दा चटकन पटतो, म्हणून आधी तोच घेतो. पिकाला नत्र फक्त गोणीतून मिळत नाही. जमिनीतला सेंद्रिय अंश कुजतो, मागच्या पिकाचं काही शिल्लक असतं. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या ब्रॉडबाल्क शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. तिथल्या बिनखताच्या तुकड्यातही आजवर हेक्टरी साधारण एक टन गहू निघत आला आहे. जमीन स्वतः किती देते हे शेतागणिक बदलतं, आणि मात्रेचा हिशेब तिथूनच सुरू व्हायला हवा. उदाहरणापुरतं बघा. दोन शेतांत अपेक्षित उत्पादन हेक्टरी ५ टन आहे. नत्र न देता राखलेल्या तुकड्यात एका शेतात ३ टन निघतं, दुसऱ्यात ४ टन. किलोभर नत्रामागे २० किलो दाणे वाढतात असं धरलं, तर पहिल्याला १०० किलो नत्र लागतं आणि दुसऱ्याला ५०. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे एकीकडे सुमारे २१७ किलो युरिया आणि दुसरीकडे १०९. दोघांना एकच मात्रा दिली तर एक उपाशी राहील किंवा दुसऱ्याचं खत वाया जाईल. साधन खत तोडत नाही. पहिल्या शेताला ते वाढवूनही सांगेल.

हे फक्त कागदावरचं गणित नाही. चीनमध्ये २००५ ते २०१५ या काळात सुमारे दोन कोटी शेतकऱ्यांनी स्थानिक परिस्थितीनुसार ठरवलेल्या शिफारशी वापरल्या. भात, गहू, मका यांचं उत्पादन सरासरी ११ टक्क्यांच्या आसपास वाढलं आणि नत्राचा वापर सुमारे १५ ते १८ टक्क्यांनी घटला. त्यात वाण, लागवडीची घनता असे इतर बदलही होते, त्यामुळे सगळं श्रेय खताच्या हिशेबाला देणार नाही. पण ‘कमी खत म्हणजे कमी दाणे’ हे म्हणणं त्यापुढे टिकत नाही.

‘खर्चिक आहे.’ काही सेन्सर महाग आहेत, हे खरं. पण पानाच्या रंगाचा तक्ता म्हणजे हिरव्या छटांची प्लास्टिकची पट्टी, पानाचा रंग तिच्याशी ताडून बघायचा. बिननत्राच्या तुकड्याला तर चार सऱ्यांमधली घट सोसण्यापलीकडे काही लागत नाही.

‘माती परीक्षण पुरे आहे.’ स्फुरद, पालाश आणि सामू (जमिनीची आम्लता) यांसाठी ते हवंच, त्याला पर्याय नाही. पण नमुना पेरणीआधीचा असतो. नंतर जोराचा पाऊस झाला की नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळलेलं नत्र, झिरपून जातं, आणि खताचा दुसरा हप्ता देताना तो अहवाल शिळा झालेला असतो. त्या दिवसाची स्थिती पीकच सांगतं.

‘अनुभवी नजर पुरेशी आहे.’ नजरेचा मान मी ठेवतो, पण रंगाच्या बाबतीत ती फसते. ऊन बदललं की हिरवा बदलतो, शेजारचं शेत गडद असलं की आपलं फिकट वाटतं. पिकाला काळोखी आली की मन सुखावतं, पण जादा नत्राने खोड मऊ पडतं, पीक लोळतं, भातावर करपा आणि तुडतुडे वाढतात. म्हणून तक्त्याला शिस्त आहे: निरोगी रोपाचं वरचं पूर्ण उघडलेलं पान घ्यायचं, त्यावर आपल्या अंगाची सावली धरायची, दरवेळी शक्यतो त्याच वेळी त्याच माणसाने बघायचं. अशी दहा पानं. त्यातली निम्म्याहून जास्त ठरलेल्या छटेपेक्षा फिकी निघाली तर हप्ता द्यायचा, नाहीतर थांबायचं.

नजरेचं खरं काम यापुढे आहे. पान पिवळं पडलंय ते नत्राअभावी की गंधकाअभावी, हे पट्टी सांगत नाही. नत्राची कमतरता आधी खालच्या जुन्या पानांवर दिसते, गंधकाची वरच्या कोवळ्या पानांवर. हे न बघता पट्टीच्या भरवशावर युरिया टाकला तर दोष पट्टीचा नाही. ॲपचंही तसंच आहे. अपेक्षित उत्पादनाच्या रकान्यात, शेताने कधीच दिलेला नाही असा आकडा भरला, तर ते निमूटपणे जास्तीची मात्रा दाखवेल. तिथे मागच्या तीन-चार हंगामांत प्रत्यक्ष मिळालेलं उत्पादन बघून आकडा भरायचा असतो, आणि तो अनुभवी शेतकऱ्याइतका नेमका कोणीच भरू शकत नाही.